मोरीला माकुलाचे पाय: संकरित राक्षसपट पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

मी पहिल्यांदा हा प्रकार घरच्यांना दाखवायला बसले, तेव्हा पाऊण तासात दिवाणखाना रिकामा झाला. दीर फोनचं निमित्त करून गॅलरीत गेले ते परत आलेच नाहीत, नवरा बसल्या जागी घोरायला लागला आणि सासूबाईंनी मटार सोलायला घेतले. दोष सिनेमाचा नव्हता, माझा होता. "जबरदस्त हॉरर आहे, घाबराल" अशी जाहिरात मीच करून ठेवली होती आणि वर एका मालिकेचा थेट चौथा भाग लावला होता. पुढच्या दिवाळीत तीच माणसं, तोच सोफा, पण सिनेमा वेगळा आणि तयारी नीट. त्या रात्री शेजारच्या काकूंनी बेल वाजवून "सगळं ठीक आहे ना गं?" असं विचारलं, इतका आरडाओरडा झाला.

मधल्या वर्षभरात मी काय शिकले ते इथे लिहिते आहे, म्हणजे तुमचा दिवाणखाना पहिल्याच रात्री रिकामा होणार नाही.

आधी प्रकार कळून घ्या. दोन प्राणी घ्यायचे, प्रयोगशाळेत त्यांची गाठ मारायची, मग तो संकर निसटतो, आणि जवळच पर्यटकांनी भरलेला समुद्रकिनारा असतोच. शार्क आणि ऑक्टोपस मिळून शार्कटोपस. पिरान्हा मासा आणि अ‍ॅनाकोंडा मिळून पिरान्हाकोंडा. माणूस आणि डास मिळून मॅनस्क्विटो. हे बहुतेक अमेरिकेतल्या टीव्हीसाठी थोडक्या पैशांत उरकलेले सिनेमे. साय-फाय वाहिनीने (२००९ मध्ये तिने स्वतःचं स्पेलिंग बदललं, उच्चार तोच ठेवला) शनिवारच्या रात्री असे डझनावारी दाखवले.

यातल्या मजेला इंग्रजीत 'कॅम्प' म्हणतात. पुणेकरांना कॅम्प म्हटलं की एम. जी. रोड आणि श्रूजबेरी बिस्किटं आठवतात, त्याच्याशी याचा संबंध नाही. सुझन सॉन्टॅग या अमेरिकी लेखिकेने १९६४ मध्ये या विषयावर निबंध लिहिला. त्यातला आपल्या कामाचा मुद्दा एवढाच, की अस्सल कॅम्प भोळा असतो. आपण हास्यास्पद दिसतोय याचा त्याला पत्ताच नसतो, तो जीव तोडून गंभीर असतो. ठरवून केलेल्या कॅम्पला ती चव येत नाही. पहिल्याच पायरीवर हे लागणार आहे.

काय काय लागेल

कागदपत्रं काही लागत नाहीत, पण घरात लहान मुलं असतील तर सिनेमा कोणत्या वयासाठी आहे, ते प्रमाणपत्र तेवढं बघून घ्या. रक्त खोटं असलं तरी भरपूर असतं. बाकी साहित्य असं:

– दीड तासाच्या आत संपणारा एक सिनेमा. एकच.
– चार ते सात माणसं.
– टीव्ही किंवा पडदा. फोनवर चुकूनही नको.
– उपशीर्षकं सुरू. लोक हसायला लागले की संवाद बुडतात, आणि उत्तम संवाद नेमके तेव्हाच असतात.
– खाली न बघता खाता येईल असं खाणं. भडंग, चकली, सुकी भेळ. काट्यांचा मासा या रात्री नको. त्याचं कारण पुढे येईलच.
– मूठभर चिंचोके.

१. आधी सिनेमाची जात ओळखा

नवखा माणूस हमखास फसतो तो इथे. त्याला सगळेच 'घाणेरडे' सिनेमे सारखे वाटतात. माझ्या हिशेबाने त्यांच्या तीन जाती आहेत.

पहिली जात गरीब पण गंभीर. १९५० च्या दशकातले कितीतरी सिनेमे यात येतात. एड वुड या दिग्दर्शकाच्या १९५५ च्या 'ब्राइड ऑफ द मॉन्स्टर'मध्ये एक रबरी ऑक्टोपस आहे. त्याचे पाय हलवणारी मोटर नव्हती असं सांगतात. तेव्हा ऑक्टोपसच्या तावडीत सापडलेला माणूस स्वतःच्याच हाताने ते पाय अंगाभोवती ओढतो आणि किंचाळतो. पडद्यावर हे लख्ख दिसतं. हे सिनेमे थोर आहेत, पण संथ. पहिल्या रात्री लावलेत तर मटार सोलले जातील.

दुसरी जात डोळा मारणारी. 'शार्कनेडो'चे पुढचे भाग यात. २०१३ चा पहिला भाग त्यातल्या त्यात चेहरा सरळ ठेवतो: समुद्रावर वादळ येतं, ते शार्क उचलून लॉस एंजेलिसवर टाकतं, नायक करवत घेऊन उभा. इथे प्राण्याचा संकर प्राण्याशी नसून हवामानाशी आहे, एवढाच फरक. पण लोकांना ते आवडलंय हे कळल्यावर पुढच्या भागांत प्रत्येक जण कॅमेऱ्याकडे बघून "बघा, आम्ही कसे वेडे आहोत" असं सांगायला लागला. २०१८ पर्यंत सहा भाग झाले. पाहुणे कलाकार वाढत गेले आणि भोळेपणा आटत गेला. माझी पहिली रात्र याच जातीने बुडवली.

तिसरी जात मधली. नाव ठेवतानाच निर्मात्याला माहीत असतं की हा वेडेपणा आहे. पण कॅमेऱ्यासमोर उभ्या असलेल्या नटाला ते कुणी सांगितलेलं नसतं, किंवा सांगितलं असलं तरी तो इमानदारीने मनावर घेत नाही. सुरुवात याच जातीने करा.

२. पहिला सिनेमा: 'शार्कटोपस', २०१०

दुसरे पर्याय आहेत, पण मी आता नवख्यांना दुसरं काही लावत नाही.

गोष्ट अशी. अमेरिकी नौदलासाठी एक खाजगी कंपनी एस-११ नावाचं गुप्त शस्त्र तयार करते. पुढून शार्क, मागून ऑक्टोपस, डोक्यावर नियंत्रणाचं यंत्र. चाचणीच्या वेळी ते यंत्र निकामी होतं, आणि प्राणी निघतो थेट मेक्सिकोतल्या पुएर्तो व्हायार्ताला. तिथे त्याला इतकी माणसं मिळतात की परत जायचं कारणच उरत नाही. शास्त्रज्ञाच्या भूमिकेत एरिक रॉबर्ट्स आहे, हातात बहुतेक वेळा ग्लास. दिग्दर्शक डेक्लन ओब्रायन.

पण हा सिनेमा खरा ओळखला जातो तो निर्मात्यामुळे. रॉजर कॉर्मन. १९२६ चा जन्म, २०२४ मध्ये अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेला. या माणसाने १९६० मध्ये 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' जेमतेम दोन दिवस आणि एका रात्रीत चित्रित केला होता, तोही दुसऱ्यांच्या उरलेल्या सेटवर. शेकडो सिनेमे काढले. कपोला, स्कॉर्सेसी, जोनाथन डेमी असे पुढे नामांकित झालेले दिग्दर्शक त्याच्या तालमीत घडले, आणि २००९ मध्ये अकादमीने त्याला मानद ऑस्कर दिलं. आपण शंभर सिनेमे केले आणि एक छदामही बुडवला नाही, असा दावा त्याने आत्मचरित्राच्या नावातच करून ठेवला आहे.

तो दावा डोक्यात ठेवून सिनेमातला एक छोटा प्रसंग बघा. एक मुलगी धातुशोधक यंत्र घेऊन किनाऱ्यावर फिरते आहे. तिला वाळूत सोन्याचं नाणं सापडतं. तेवढ्यात पाण्यातून पाय येतो आणि तिला ओढून नेतो. मागे बसलेला एक म्हातारा हे सगळं शांतपणे बघत असतो. तो उठतो, तिच्या हातून पडलेलं नाणं उचलतो आणि चालू लागतो. तो म्हातारा म्हणजे खुद्द कॉर्मन. वय वर्षं चौऱ्याऐंशी. आमच्याकडे हा प्रसंग मी मागे नेऊन दोनदा दाखवते.

आणखी एक गंमत. नायकाचं काम करणारा केरेम बुर्सिन तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. आमच्या दुसऱ्या रात्री भाची स्वयंपाकघरातून पाण्याची बाटली घेऊन आली, पडद्याकडे बघितलं आणि किंचाळली, "अगं मावशी, हा तर सेरकान बोलात!" २०२० मध्ये 'सेन चाल कापमी' ही तुर्की मालिका आली, त्यातला हा तिचा लाडका नायक. पुढचा तासभर ती हलली नाही. घरात तुर्की मालिका बघणारं कुणी असेल तर आधी काही सांगू नका, त्यांचं त्यांना कळू द्या.

३. सिनेमा मिळवताना

हे थोडक्यात. अधिकृत जागेवरच शोधा. हिंदीत डब झालेल्या आवृत्त्यांची नावं कुणी कशीही बदलतं. कधी एकाच नावाखाली तीन वेगळे सिनेमे निघतात. म्हणून नावावर जाऊ नका, साल आणि दिग्दर्शक जुळवा.

पोस्टरवरही जाऊ नका. या धंद्यात नाव आणि पोस्टर आधी, कथा मागाहून, अशी जुनी रीत आहे. पोस्टरवरचा प्राणी विमानवाहू जहाज गिळत असतो. सिनेमात तो होडीला धक्का देतो. शिवाय मोठ्या सिनेमासारखं दिसेल असं नाव ठेवायचीही चाल आहे. 'ट्रान्सफॉर्मर्स' आला त्याच वर्षी, २००७ मध्ये, 'ट्रान्समॉर्फर्स' नावाचा सिनेमा आला. विमानातल्या सापांच्या सिनेमाच्या वेळी, २००६ मध्ये, रेल्वेतल्या सापांचा निघाला. दोन्ही असायलम या कंपनीचे. फसवणूक म्हणून बघितलंत तर चिडाल; हाच त्यांचा बाणा आहे म्हणून बघा.

आणि आधी ट्रेलर दाखवू नका. प्राण्याची सगळ्यात महागडी दोन मिनिटं त्यातच संपतात.

४. माणसं जमवा, पण निवडून

हे सिनेमे एकट्याने बघायचे नसतात. 'शार्कनेडो' पहिल्यांदा दाखवला तेव्हा जेमतेम १४ लाख लोकांनी बघितला. पण त्या रात्री ट्विटरवर मिनिटाला ५,००० च्या आसपास शेरे पडत होते. ते वाचून बाकीचे जागे झाले आणि तिसऱ्या वेळी दाखवला तेव्हा आकडा २१ लाखांवर गेला. सिनेमा तोच होता, शेजारी बसून बोलणारी माणसं वाढली होती.

एक माणूस असा हवा जो काहीच जाणत नाही आणि खरोखर प्रश्न विचारतो. आमच्याकडे त्या सासूबाई. त्या मालवणच्या. सिनेमा सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील, त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "गो, ह्या मोरयेक माकुलाचे पाय कोणी लावल्यान?" मोरी म्हणजे शार्क आणि माकूल ऑक्टोपसच्याच गोतातलं, हे मालवणकडच्यांना सांगायला नको. मी म्हटलं, "अमेरिकन नेव्हीने, आई." त्यांनी जरा विचार केला. "मगे ह्येचा सांबारा करूचा काय सुक्या?" त्यावर सुकं आणि सांबारं (म्हणजे रस्सा) असे घरात दोन पक्ष पडले. तेव्हापासून त्या प्राण्याचं आमच्याकडचं नाव मोरीमाकूल. मासा खात बसू नका म्हटलं ते यासाठी. वाद ताटापर्यंत येतो.

एक माणूस टाळायचा. "हे वैज्ञानिकदृष्ट्या शक्यच नाही" असं दर पाच मिनिटांनी सांगणारा. ते सगळ्यांना माहीत आहे. ऑक्टोपसला तीन हृदयं आणि निळं रक्त असतं, शार्कचं रक्त लाल आणि हृदय एकच. मग मोरीमाकुलाचं रक्त जांभळं का नाही, असं विचारणारा वैज्ञानिक मात्र जरूर बोलवा.

एक सूचना सुनांसाठी. या सिनेमांत बिकिनीतल्या बायका वाऱ्यासारख्या येतात आणि जातात. सासरची वडीलधारी मंडळी सोबत असतील तर हे आधी ठाऊक असू द्या. आमच्याकडे अशा वेळी सासरे हटकून कॅलेंडरकडे बघतात. त्यांची एकादशी कधी चुकत नाही.

५. जोड कुठे आहे ते बघा

सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. नवखा माणूस दात बघतो, रक्त बघतो आणि "काय भंगार ग्राफिक्स आहे" म्हणून सोडून देतो. तुम्ही जोड बघा.

पहिला जोड प्राण्याच्या अंगावर. शार्क नेमका कुठे संपतो आणि ऑक्टोपस कुठे सुरू होतो? शार्कचं अंग ताठ, खरखरीत. ऑक्टोपसला हाड म्हणून नाही. हे दोन पोत एकमेकांत मिसळणार कसे? आपल्याकडच्या शिल्पकारांनाही हा प्रश्न पडला होता. मंदिराच्या तोरणावरचा मकर बघा: तोंड मगरीचं, सोंड हत्तीची, आणि शेपटीकडे गेलं की दगडात वेलबुट्टी सुरू होते. शेपटी कशाची, हे विचारायची वेळच तो येऊ देत नाही. किल्ल्याच्या दरवाज्यावरचा शरभही संकरच, पण त्याला बघून कुणी हसत नाही. तिथे छिन्नी चालवणाऱ्याच्या हातात वेळ होता. इथल्या ग्राफिक्सवाल्याकडे नाही. म्हणून त्याचा जोड उघडा पडतो, आणि कॅमेरा तिथे पोचला की प्राणी हटकून पाण्यात बुडी मारतो किंवा दृश्यच बदलतं. किती वेळा असं होतं ते मोजायला लागा.

दुसरा जोड प्राणी आणि पाणी यांच्यातला. संगणकावर मासा काढणं तितकं कठीण नाही, त्याच्या अंगावरून ओघळणारं पाणी काढणं कठीण. खरा मासा पाण्याबाहेर आला की पाणी फाटतं, फेस होतो, अंग चमकतं, खाली सावली पडते. स्वस्तातला मासा पाण्यातून कोरडाच बाहेर येतो. मोरीमाकूल वाळूवर पाय टेकत चालतं तेव्हा त्याच्या पायांखाली बघा. वाळू दबत नाही. आमच्या दिरांनी एकदा हे हेरलं आणि ओरडले, "अरे, ठसे कुठायत?" गॅलरीत निघून गेलेला हाच तो माणूस.

तिसरा जोड सगळ्यात गोड. प्राणी आणि नट यांच्यातला. चित्रीकरणाच्या दिवशी प्राणी नसतोच. काठीला चेंडू लावतात आणि नटाला सांगतात, इकडे बघ. गडबडीच्या चित्रीकरणात कधी तेवढंही होत नाही. मग चौघे किंचाळतात आणि चौघांच्या नजरा चार दिशांना. प्राणी नंतर तिथे बसवला जातो, तो बहुतेक पाचव्याच दिशेला. पण चेहरा बघा त्या नटाचा. समोर मोकळी हवा आहे, उन्हात तळतोय, आणि तो जीव खाऊन घाबरतोय. मला इथे हसू येतं आणि त्याच वेळी त्या माणसाबद्दल माया वाटते. दोन्ही एकदम झालं की समजा तुम्हाला जमायला लागलं.

चौथा जोड कथा आणि पैसा यांच्यातला. प्राण्याचा प्रत्येक सेकंद महाग असतो, माणसांचं बोलणं स्वस्त. म्हणून प्राणी दहा सेकंद येतो आणि मग बाप-लेकीचं भांडण तीन मिनिटं चालतं. टीव्हीचा सिनेमा असल्यामुळे जाहिरातीच्या तोंडावर कुणीतरी गिळलं जावंच लागतं, नाहीतर बघणारा वाहिनी बदलेल. जाहिराती आता निघून गेल्या आहेत, पण त्यांच्या जागा राहिल्या आहेत. कुणी किंचाळतं, पडदा क्षणभर काळा होतो, आणि पुढचं दृश्य अगदी निवांत सुरू होतं. चहा आणायला उठायचं ते नेमकं तिथे.

६. बोलायचं कसं

बोलायचंच आहे, पण संवादांच्या मधल्या फटीत. अमेरिकेत १९८८ पासून एक टीव्ही कार्यक्रम याच कारणासाठी गाजला: एक माणूस आणि दोन-तीन रोबो पडद्यासमोर बसून वाईट सिनेमावर शेरे मारतात. त्यांच्याकडून शिकायचं ते हेच. पात्र बोलत असताना ते गप्प असतात. विनोद संवादाला लटकतो, संवादच ऐकू आला नाही तर तो कुठे लटकणार?

नटाचं रूप, वजन किंवा उच्चार यांवर शेरे नकोत. पाहुण्यांना हे आधीच सांगा. तसे शेरे सुरू झाले की दहा मिनिटांत खोलीचा सूर बिघडतो आणि उरलेला सिनेमा कुचेष्टेत जातो. प्राण्यावर, कथेवर, नौदलाच्या कारभारावर काय हवं ते बोला.

आता चिंचोके. सुरुवातीला प्रत्येकाने अंदाज सांगायचा, एकूण किती माणसं गिळली जातील. प्रत्येक बळीला वाटीत एक चिंचोका. ज्याचा अंदाज जवळचा, त्याला शेवटची चकली. आमच्याकडे वाद होतो तो मोजणीवर: होडी उलटली आणि आतले दिसले नाहीत, तर ते धरायचे की नाही? याचा निकाल आधीच लावून ठेवा. उंचावरून दोरी बांधून उडी मारणाऱ्या मुलीचा प्रसंग येतो तेव्हा वाटी कुणाच्या हातात द्यायची तेही ठरवा, कारण त्या क्षणी ती हमखास सांडते. आमचे दोन चिंचोके अजून सोफ्याखाली आहेत.

७. पहिली रात्र जमली तर पुढे

लगेच दुसरा लावू नका. निदान आठवडा जाऊ द्या. एका रात्रीत दोन झाले की दुसऱ्यातलं काहीच आठवत नाही, हे मी दोनदा करून बघितलं आहे.

मग २०१४ चा 'शार्कटोपस व्हर्सेस टेराकुडा'. यात बॅराकुडा माशाला उडत्या डायनासोरकालीन प्राण्याचे पंख लावले आहेत. कोनन ओब्रायन हा टीव्हीवरचा नामांकित सूत्रसंचालक यात स्वतःच्याच भूमिकेत येतो, त्याचं मुंडकं उडतं आणि किनाऱ्यावरची पोरं त्याने व्हॉलीबॉल खेळतात. इथे डोळा मारायला सुरुवात झालेली आहे, पण चालतं.

त्याच्याही आधी, २००९ चा 'मेगा शार्क व्हर्सेस जायंट ऑक्टोपस' बघून घेतलात तर उत्तम. यात संकर नाही, दोघे वेगवेगळे आहेत. म्हणजे शार्कटोपस एक वर्षाने येणार होता आणि तोवर दोघांचं पटत नव्हतं, असं आम्ही धरून चालतो. यातला शार्क समुद्रातून उडी मारून आकाशातलं प्रवासी विमान तोंडात धरतो. विमान किती उंचावर असतं, शार्क किती वर येतो, हे गणित घरातल्या दहावीच्या मुलाला घालून बघा. शार्कची तीच ती दृश्यं पुन्हा पुन्हा वापरली आहेत; ओळखीची दिसली की टाळ्या.

इथवर आलात की मागे जायला हरकत नाही. १९७८ चा 'पिरान्हा' हा कॉर्मननेच काढलेला, दिग्दर्शकाचं नाव जो दान्ते. 'जॉज' या गाजलेल्या शार्कपटाच्या लाटेवर आलेला, पण स्वतःची अक्कल असलेला. त्याच्या पुढच्या भागात पिरान्हांना उडत्या माशांचे पंख फुटतात. १९८२ च्या आसपासच्या त्या सिनेमावर दिग्दर्शक म्हणून नाव आहे जेम्स कॅमेरॉनचं. हो, तोच, 'टायटॅनिक'वाला. घरातलं कुणी या सिनेमांना नाक मुरडत असेल तर हे वाक्य जपून ठेवा आणि योग्य वेळी काढा.

१९७१ चा 'ऑक्टामॅन' म्हणजे माणूस आणि ऑक्टोपस. संगणक नाही, रबराचा पोशाख, आत माणूस. तो पोशाख करणाऱ्यांत विशी-एकविशीतला रिक बेकर होता. रंगभूषेसाठी त्याने पुढे सात ऑस्कर मिळवले. पायातले पाय अडकून तो प्राणी चालतो ते बघताना आतल्या माणसाला किती उकडत असेल असं वाटतं, आणि संगणकावरच्या मोरीमाकुलाबद्दल हे कधीच वाटत नाही. म्हणूनच हा मी उशिरा दाखवते. आधी दाखवला तर लोक नुसते हसतात.

सगळ्यात शेवटी १९५६ चा 'इट कॉन्कर्ड द वर्ल्ड', कॉर्मनने स्वतः दिग्दर्शित केलेला. शुक्रावरून आलेला राक्षस. तिथे गुरुत्वाकर्षण जास्त (प्रत्यक्षात ते पृथ्वीपेक्षा किंचित कमीच आहे), म्हणून प्राणी बुटका आणि बसका असणार, असा शास्त्रशुद्ध विचार कॉर्मनने केला. चित्रीकरणाच्या दिवशी नायिका बेव्हर्ली गारलंड त्या राक्षसाजवळ जाऊन उभी राहिली आणि बघते तर तो तिच्याहून ठेंगणा. तिने त्याला जग जिंकल्याबद्दल चार शब्द सुनावले आणि एक लाथ घातली. त्यानंतर राक्षसाची उंची वाढवण्यात आली. पडद्यावर जो उंच शेंडा दिसतो तो त्या लाथेचा. जोड शोधा म्हणजे सापडेल. आमच्या सासूबाईंना पहिल्या फटक्यात सापडला. आता त्यांना २०१५ चा 'शार्कटोपस व्हर्सेस व्हेलवुल्फ' हवा आहे. देवमाशाला लांडग्याचे पाय, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. येत्या शनिवारी बोलावलंय सगळ्यांना, चिंचोके मोजून ठेवलेत.